सहाशे नव्वदची पाती

रिमोटवरच्या हेलिकॉप्टरला पाती किती लांबीची घालू, असं विचारत माझ्या दुकानात येणाऱ्या बहुतेकांचं उत्तर आधीच ठरलेलं असायचं. माझ्या तोंडून फक्त 'घाला मोठी' एवढं त्यांना ऐकायचं असायचं. मी ते सहजासहजी म्हणत नसे, त्यामुळे गल्लीत माझी ख्याती खडूस बाई अशी झाली, आणि ती काही खोटी नव्हती. या अंकासाठी कामाबद्दल लिहा, असा संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांनाही मी आधी नाहीच म्हटलं. पण यंदा दुकानाचं शटर कायमचं खाली ओढलं. बारीक स्क्रू दिसेनासे झाले, उजवा अंगठा थरथरायला लागला. दुपार झाली की रिकामपण अंगावर येतं, म्हणून लिहायला बसले आहे.

दुकान मुळात मोटार भरण्याचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तांब्याची तार गुंडाळण्याचं. सोलापुरात यंत्रमाग धडधडत होते तोवर जळक्या मोटारींना तोटा नव्हता. वडिलांच्या शेजारी पाटावर बसून मी हे काम शिकले. घरात तेलुगू, दुकानात मराठी, तारवाल्याशी दखनी, असा आमचा कारभार. भाऊ चादरीच्या धंद्यात गेला आणि मी मोटारींत राहिले. माझ्याहून वयाने मोठी माणसंही मला आक्काच म्हणायची. पुढे माग कमी झाले, मोटारी कमी झाल्या, आणि एक दिवस इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं मुठीत मावेल एवढी मोटार घेऊन आली. रिमोटच्या विमानाची होती. ती मी भरून दिली. मग पोरं आणखी मोटारी आणायला लागली, मग मोडकी विमानं, आणि शेवटी हेलिकॉप्टरं. दुरुस्त केलेलं उडतं की नाही हे बघायला दर वेळी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागे, ते मला मानवेना. म्हणून उडवायलाही शिकले. चाळिशी उलटल्यावर.

रिमोटवर उडणारं विजेचं हेलिकॉप्टर म्हटलं की लोकांना जत्रेतलं खेळणं आठवतं. मी म्हणते ते मशीन वेगळं. त्याचं एकेक पातं हाताएवढं लांब असतं आणि ते फिरत असताना मध्ये हात गेला तर हात राहत नाही. ड्रोनला चार पंखे असतात, ते एकमेकांना सावरून घेतात. हेलिकॉप्टरला वर एकच मोठं चक्र आणि शेपटीला एक लहान पंखा. वरचं चक्र एका अंगाने फिरतं तेव्हा खालचं सगळं मशीन उलट्या अंगाने गरगरायला बघतं. शेपटीचा पंखा त्याला धरून ठेवतो, आणि तो तुटला की सगळाच खेळ आटोपतो.

आता पात्याची लांबी. ती मोजायची स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून टोकापर्यंत, मिलिमीटरमध्ये. लांब पातं जास्त हवा कवेत घेतं, म्हणून तेवढंच वजन हळू फिरूनही उचलतं. आवाज कमी आणि खाली येणारा वारा सौम्य. आखूड पातं जोरात फिरवावं लागतं. ते चपळ, गिरक्या घेणारं, पण त्याचा वारा बोचरा असतो. मग सगळ्यांनी लांबच का घालू नयेत? कारण लांब पातं फिरवायला मोटारीला जोर लागतो. मोटार तीच, तिच्या टोकाचं दात्यांचं लहान चाक, म्हणजे पिनियन, तेच, आणि पाती तेवढी लांब केली की करंट चढतो, बॅटरी फुगते, मोटारीला वीज मोजून देणारा कंट्रोलर जळतो. शिवाय पात्याचं टोक आणि शेपटीचा पंखा यांच्यात बोटभर तरी फट हवी. म्हणजे लांब पात्यांना शेपटीची दांडी लांब हवी. दांडी लांबली की तोल मागे जातो, मग बॅटरी पुढे सरकवा. नुसती पाती बदलायला निघालेला माणूस शेवटी अख्खं मशीन बदलून बसतो.

करमाळ्याकडचे एक बागाईतदार हुरड्याच्या दिवसांत आले होते. ज्वारीवरची पाखरं हाकलायला त्यांना हेलिकॉप्टर हवं होतं. मोठ्यात मोठी पाती घाला, आवाज झाला पाहिजे, असा त्यांचा धोशा. आवाज हवा तर आखूड घाला, असं मी सांगितलं, ते त्यांच्या गळी उतरेना. शेवटी दोन्ही लावून उडवून दाखवली तेव्हा आखूड घेऊन गेले. काही दिवसांनी त्यांचा फोन आला. मशीन बांधावर उतरलं की पाखरं त्याच्याच शेपटीवर येऊन बसतात म्हणे. ते हसत होते, मग मीही हसले.

दुसरा एक लग्नसमारंभांचा सगळा थाट उभारून देणारा माणूस. त्याला नवरा-नवरीच्या डोक्यावर हेलिकॉप्टर आणून वरून हार सोडायचा होता. माणसांच्या डोक्यावर मी मशीन नेत नाही आणि त्यासाठी बनवूनही देत नाही, हे त्याला साफ सांगितलं. त्याने बाहेरून लांब पाती मागवली आणि स्वतःच बसवली. दांडी मात्र जुनीच. पाहुणे यायच्या आधी लॉनवर उडवून पाहताना मशीन जरा आपटून उतरलं, पातं लवलं, शेपटी कापली गेली आणि पात्याचा तुकडा स्टेजमागच्या फ्लेक्सच्या आरपार गेला. खुर्च्या तेव्हा रिकाम्या होत्या हे नशीब. सांगाडा घेऊन तो माझ्याकडे आला, तो मी दुरुस्तीला घेतला नाही. पात्याचा तुकडा मात्र मागून घेतला आणि काउंटरवर ठेवला. पुढे कोणी 'घाला मोठी' म्हटलं की मी तो त्याच्या हातात देत असे.

दिगंबर बनसोडे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्याही हातात मी तो देणार होते. दुपारची वेळ होती. मोठं खोकं पोटाशी धरून ते पायरी चढले, 'जय भीम, ताई' म्हणाले आणि खोकं काउंटरवर ठेवलं, पण त्यावरचा हात काढला नाही. कुंभारीला घर, चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर, निवृत्ती जवळ आलेली. खोक्यात अर्धवट जोडलेलं हेलिकॉप्टर होतं. ते त्यांच्या मुलाने, निखिलने जोडलेलं. निखिलही एमआयडीसीतच, दुसऱ्या कारखान्यात मेंटेनन्सला होता. आदल्या उन्हाळ्यात पाळीवरून घरी येताना मोटारसायकलचा अपघात झाला आणि तो गेला. लग्न व्हायचं होतं.

येत्या मे महिन्यात वर्ष भरत होतं. घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला होता, आणि त्या दिवशी हे मशीन उडावं, निखिलच्या फोटोवर त्याने फुलं वाहावीत, अशी आईबापांची इच्छा होती.

"समदं हाय ह्यात," बनसोडे म्हणाले. "फकस्त पाती न्हाईत. कसली घालायची ते तुमी सांगा."

मला नाही म्हणायचं होतं. गेलेल्या माणसाची वस्तू दुरुस्तीला घेणं फार अवघड. ती बिघडली तर माणूस दुसऱ्यांदा गेल्यासारखं होतं. पण मी खोक्यातून मशीन उचललं, उजेडात धरलं, आणि तेवढ्या वेळात ते स्वतःहूनच बोलू लागले. अपघात कसा झाला हे कोणी पाहिलं नव्हतं. समोरून काही आलं की नाही, कोणालाच माहीत नाही. पण मातीच्या दिवसापासून लोक एकच बोलत होते, की पोरगं गाडी उडवत असणार, हल्लीची पोरं बेफिकीरच. नातेवाईक बोलले, कारखान्यातले बोलले. बनसोडे कोणाला उलटून बोलले नाहीत.

"कसं बोलू? तो जिता हुता तवा मीच म्हनायचो त्येला, तू बेफिकीर हायेस. कायबी धड पुरं करत न्हाईस. ह्येच बघा की, पाती घेतली न्हाईत, तसंच टाकून दिलं." मग त्यांनी विचारलं, "उगडून बघितल्यावर तुमाला कळंल का, ताई? कामाला कसा हुता त्यो?"

तुकडा काउंटरवरच राहिला. उघडून बघते, पुढच्या आठवड्यात या, एवढंच मी म्हणाले.

दुसऱ्याचं काम उघडणं हा आमच्या धंद्याचा अर्धा भाग. मोटार उघडली की आधीच्या कारागिराचा स्वभाव दिसतो. कोणी घाईचा असतो, कोणी तार वाचवतो, कोणी सोल्डर नुसतं थापतो. या मशीनमध्ये प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना निळ्या डिंकाचा ठिपका होता. थरथरीने स्क्रू सुटू नये म्हणून तो लावायचा असतो, आणि कंटाळा करून दहातली नऊ माणसं तो गाळतात. वायरी कुठे घासणार नाहीत अशा बांधलेल्या. हे सगळं चांगलं होतं, पण चांगलं काम खूपजण करतात. मी खरी अडले ती शेपटीपाशी.

तो सांगाडा सहाशे मिलिमीटरच्या पात्यांसाठी येतो. पण शेपटीची दांडी सांगाड्याबरोबर आलेली नव्हती. ती बरीच लांब होती. शेपटीचा पंखा फिरवणारा दातेरी पट्टा त्याच लांब मापाचा. बॅटरीची पट्टी पुढे ओढून बसवलेली, म्हणजे मागे वाढलेलं वजन पुढे तोललेलं. मोटार सावकाश फिरणारी आणि जोराची. पिनियन मुद्दाम कमी दात्यांचं, म्हणजे पाती हळू फिरावीत. वरचं चक्र ज्यावर फिरतं त्या मधल्या दांड्यापासून शेपटीच्या पंख्यापर्यंत मी मोजपट्टी लावली, पाती धरणाऱ्या पकडीची लांबी वजा केली, बोटभर फट सोडली. उरलं ते माप सहाशे नव्वदच्या पात्यांना बरोबर बसत होतं.

निखिलने पाती घेतली नव्हती, पण ठरवून ठेवली होती. बाकीचं सगळं मशीन त्याने त्या न घेतलेल्या पात्यांभोवती बांधत आणलं होतं. हे ध्यानात आलं तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. मला मूलबाळ नाही. तरी त्या दुपारी ते मशीन मला परत खोक्यात ठेववेना, हे इथे लिहायला मला संकोच वाटत नाही.

पुढच्या आठवड्यात बनसोडे आले ते पत्नीला, सुमनवहिनींना, घेऊन. मी त्यांना दांडी दाखवली. ते फिटर, त्यांना मापं समजावायची गरज नव्हती. पण ते एकदम मानायला तयार नव्हते.

"दांडी स्वस्तात गावली आसंल कुटं," ते म्हणाले.

मी पट्टा दाखवला. दांडी भंगारात मिळेल, पण तिच्याच मापाचा पट्टा? मग पिनियन दाखवलं, बॅटरीची पट्टी दाखवली. त्यांनी पिनियन नखाने फिरवून पाहिलं, दाते मोजले असावेत.

"ताई, आमाला बरं वाटावं म्हनून सांगू नका."

"बरं वाटावं म्हणून मी कोणालाच काही सांगत नाही, भाऊ. गल्लीत विचारा. गाडी तो कशी चालवत होता ते मला ठाऊक नाही, आणि या मशीनवरून ते कळणारही नाही. पण हे काम टाकून दिलेलं नाही. हे पाती यायची वाट बघत थांबलेलं काम आहे."

बनसोड्यांनी मान हलवली, पण ती ऐकून घेतल्याची होती, पटल्याची नव्हती. ते मला दिसत होतं. मशीनं काय, सगळ्यांचीच नीट असतात, असं काहीतरी पुटपुटले. सुमनवहिनी तोवर दांडीवरून बोट फिरवत होत्या. त्यांची एकच अट होती. फोटोपुढे मेणबत्त्या लावलेल्या असतील, त्या विझता कामा नयेत. त्याच्या नावाने लावलेली ज्योत त्याच्याच मशीनने विझवली, असं व्हायला नको.

आता यावर हसणारे हसतील. मला मात्र एवढ्या वर्षांत लांबीबद्दल याहून नेमकी अट कोणी घातली नव्हती.

सहाशे नव्वदची पाती मागवावी लागणार होती, सहाशेची माझ्याकडे होती. चिंचोळीच्या पलीकडे एक मोकळा माळ आहे, वर तारा नाहीत, आजूबाजूला वस्ती नाही. मालकाला विचारून आम्ही तिथे जायचो. आधी सहाशेची लावून पाहिली. निखिलच्या पिनियनवर ती फुलांच्या डब्याएवढं वजन घेऊन नीट उचलेनातच, म्हणून मी जास्त दात्यांचं पिनियन घातलं. बनसोड्यांनी विटेवर मेणबत्त्या पेटवल्या. दोन मजले उंचीवर मशीन उभं केलं आणि ज्योती पटापट मालवल्या. नवी पाती आल्यावर निखिलचं पिनियन परत बसवलं, आणि तेवढ्याच वजनाने, तेवढ्याच उंचीवर पुन्हा उभं केलं. या वेळी ज्योती आडव्या झाल्या, निळ्या पडल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या. वाऱ्यातला फरक थोडासाच असतो, पण मेणबत्तीला तेवढा पुरतो.

पाती दोन असली तरी ती जुळी असावी लागतात. वजन सारखं, तोल सारखा, फिरताना दोघांची टोकं एकाच रेषेत. त्यासाठी एकेका टोकाला रंगीत चिकटपट्टी लावून दुरून बघायचं. हे बघायचं काम बनसोड्यांनी स्वतःकडे घेतलं. माळावर उन्हात हात कपाळावर धरून ते टोकांकडे बघत, आणि जरा फरक दिसला तरी हात वर करून मला उतरवायला लावत. माझ्या मते जमलं होतं तेव्हाही त्यांनी दोनदा उतरवायला लावलं. पोराचं काम आपल्या हातून उणं राहू नये, अशी ती धडपड होती. रिकाम्या मशीननंतर थर्मोकोलचा डबा बांधून, त्यात वाळक्या पाकळ्या भरून पाहिलं. डब्याचं तळाचं झाकण रिमोटने उघडायचं आणि पाकळ्या भुरभुरत खाली यायच्या. सगळं सुरळीत झालं.

कार्यक्रम कुंभारीत त्यांच्या घरामागच्या मोकळ्या रानात होता. ऊन उतरू लागलं होतं तरी जमीन तापलेलीच होती. टेबलावर पांढरं कापड, निखिलचा फोटो, पुढे मेणबत्त्या. टेबलाच्या चहूबाजूंनी मी लांबवर दोरी बांधून घेतली होती, आणि दोरीच्या आत कोणी यायचं नाही ही माझी अट होती. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, दोन शब्द बोलले. मग सगळे घराच्या बाजूला दोरीमागे उभे राहिले. नातेवाईक, शेजारी, दोन्ही कारखान्यांतले लोक. ज्यांनी बेफिकीर म्हटलं होतं तेही त्यातच असणार.

मी रिमोटचे खटके तपासत होते. सुमनवहिनींनी डबा भरला, गुलाब आणि झेंडूच्या पाकळ्यांनी, अगदी माळावर भरला होता तेवढाच. आणि मग मे महिन्यात सोलापूरकडची कोणतीही बाई फुलांसाठी करते तेच त्यांनी केलं. पाकळ्या सुकू नयेत म्हणून तांब्यातलं पाणी वरून शिंपडलं आणि झाकण लावलं. मी पाठमोरी होते. मला हे नंतर कळलं.

मशीन उचललं तेव्हाच हाताला ते जड लागलं. पण उन्हाने हवा पातळ झाली की सगळीच मशीनं जड लागतात. फोटोच्या वर, माळावर ठरवली होती त्या उंचीला मी ते नेऊन उभं केलं. ज्योती वाकल्या, पुन्हा उभ्या राहिल्या. लोकांत एक हुंकार उमटला. मी झाकणाचा खटका दाबला.

काहीच पडलं नाही. झाकण उघडलेलं मला खालून दिसत होतं, पण ओल्या पाकळ्यांचा गठ्ठा झाला होता आणि तो डब्याला चिकटून बसला होता. मी खटका पुन्हा दाबला. मशीन जरा हलवून पाहिलं. तेवढा वेळ ते वाढीव वजन घेऊन एकाच जागी उभं होतं, आणि उभं राहणं हेच हेलिकॉप्टरचं सर्वांत कष्टाचं काम. सुमनवहिनी दोरीमागून वर बघत होत्या. त्यांच्यासाठी मी आणखी एकदा खटका दाबला, मग ठरवलं की पुरे, आता उतरवायचं. मशीन फोटोवरून बाजूला, मोकळ्या रानाच्या दिशेने वळवलं. दोरी ओलांडून ते नांगरट केलेल्या तुकड्यावर पोचलं आणि मोटारीचा आवाज बंद झाला.

कंट्रोलर तापला होता. फार तापला की तो स्वतःला वाचवायला मोटारीची वीज तोडतो. त्याचं ते कामच आहे.

मोटार बंद पडली की हेलिकॉप्टर दगडासारखं पडतं असं सगळ्यांना वाटतं. पडतंच असं नाही. मोटार आणि पाती यांच्यामध्ये एकाच अंगाने पकडणारं बेअरिंग असतं. सायकलचं पेडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं ना, तसं ते. पाती फिरत राहतात. त्या क्षणी वर ओढायचा मोह आवरायचा आणि उलट पाती खाली झुकवायची, मशीनला पडू द्यायचं. पडताना खालून येणारी हवा पाती फिरती ठेवते. जमीन अगदी जवळ आली की मगच पाती वर कलवायची. त्यांच्यात साठलेला जोर तेवढ्या एका क्षणापुरता मशीनला तोलून धरतो. तो क्षण एकदाच मिळतो. आखूड, हलक्या पात्यांत जोर फारसा साठत नाही. लांब पात्यांत साठतो.

मला दुसरं काही आठवत नाही. मोटार गप्प, माणसं गप्प, आणि पात्यांचा नुसता सळसळ आवाज. मी पडू दिलं. ढेकळं स्पष्ट दिसायला लागली तेव्हा अंगठा वर घेतला. मशीन हवेत थबकल्यासारखं झालं आणि ढेकळांवर टेकलं, जरा कललं, उभं राहिलं. पाती हळूहळू थांबली.

आम्ही तिघं तिकडे गेलो. सुमनवहिनींनी डब्यात बघितलं आणि त्यांच्या सगळं ध्यानात आलं. त्या तिथेच ढेकळांत बसल्या. "मीच पानी मारलं," त्या म्हणाल्या. "वाळतील म्हनून." बनसोड्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग ते मशीनशेजारी उकिडवे बसले आणि एक पातं बोटाने ढकललं. ते सहज फिरलं.

"मोटार बंद पडली हुती न्हवं?"

"हो."

"मग पडलं का न्हाय?"

मी सांगितलं. बेअरिंग दाखवलं. त्यात निखिलने घातलेलं तेल अजून होतं, मी फक्त बाहेरून पुसून घेतलं होतं. लांब पाती कशी जोर साठवतात तेही सांगितलं.

"सहाशेची असती तर?"

"एवढ्या वजनाला माझ्या हातून तरी वाचलं नसतं."

मी लांबीचा विचार केला होता तो मेणबत्त्यांसाठी. निखिलने कशासाठी केला होता ते आता कोणालाच सांगता येणार नाही. मला एवढंच ठाऊक आहे, की लांब आणि सावकाश पाती निवडणारा माणूस गिरक्यांसाठी मशीन बांधत नसतो. त्याला ते उचलायचं असतं आणि नीट खाली आणायचं असतं. हे मी त्यांना तिथेच बोलून दाखवलं. या वेळी त्यांनी, बरं वाटावं म्हणून सांगू नका, असं म्हटलं नाही.

बनसोड्यांनी डबा सोडवला. मशीन तिथेच राहू दिलं. दोघं नवरा-बायको ढेकळं तुडवत दोरीपर्यंत गेले आणि माझ्याकडे वळून बघितलं, आत जाऊ का म्हणून. मी मान हलवली. टेबलावर सगळ्या मेणबत्त्या तेवत होत्या. सुमनवहिनींनी ओल्या पाकळ्या ओंजळीने घेतल्या आणि फोटोपुढे वाहिल्या. बनसोडे डबा धरून उभे होते. मग त्यांनीही ओंजळ भरली, पण लगेच वाहिली नाही. फोटोकडे बघत ते हळू आवाजात म्हणाले, "बगून ठेवलं हुतंस की रं समदं."